सांगितलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं

एका महाविद्यालयातल्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा: "आमच्याकडे समुपदेशक आहेत, पैसे पडत नाहीत, वेळही मुलांच्या सोयीची आहे. तरीही ज्यांच्याकडे बघून पोटात कालवतं, ती मुलं त्या खोलीकडे फिरकत नाहीत. एकाच वर्गात, सारख्याच ताणाखाली असलेली दोन मुलं. एक आपण होऊन जातं, दुसरं कुढत बसतं पण पाऊल उचलत नाही. हा घरच्या वळणाचा परिणाम की मूळ स्वभावाचा? आणि आम्ही शिक्षकांनी यात नेमकं काय करावं?"

गेली 22 वर्षं मी विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते आहे. "दोन्हींचा" असं म्हणून मला मोकळं होता येईल आणि ते चूकही ठरणार नाही, पण त्याने तुमच्या हाती काही लागणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नात मला थोडी अपराधी भावना जाणवली. न येणारी मुलं हा तुमच्याच संस्थेचा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षणांतून 21 देशांतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साधारण 20 टक्के विद्यार्थ्यांना मागच्या वर्षभरात कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं आढळलं, आणि त्यांच्यापैकी ज्यांना काही उपचार मिळाले असे होते 16 टक्क्यांच्या आसपास. 50 जणांचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. त्यात 10 जण त्रासात आहेत आणि मदतीपर्यंत पोचलेत जेमतेम दोघं. उरलेल्या आठांपैकी काहींना वाट माहीत नसते, काहींना ती परवडत नाही. पण तुम्ही म्हणता तशी सगळी सोय समोर असतानाही न येणारे बरेच असतात, आणि माझं उत्तर त्यांच्याविषयी आहे.

"मदत घ्यायची तयारी" ही एकजिनसी गोष्ट नाही. 1970 साली फिशर आणि टर्नर या संशोधकांनी ती मोजण्यासाठी 29 विधानांची प्रश्नावली तयार केली, तेव्हा तिच्यात चार धागे दिसले: आपल्याला मदतीची गरज आहे हे ओळखणं, लोक काय म्हणतील याचा ताण सोसता येणं, दुसऱ्या माणसापुढे मन उघडता येणं आणि ही मदत करणाऱ्या माणसावर भरवसा असणं. पुढे या प्रश्नावलीच्या छोट्या आवृत्त्या निघाल्या, पण एखादं मूल का येत नाही याचा विचार करताना मी आजही हे चार धागे एकेक करून चाचपते. चारांतला एक तुटलेला असला तरी मूल येत नाही. आणि कुठला तुटलाय ते कळलं नाही, तर आपण भलत्याच ठिकाणी गाठ मारत बसतो. ज्या मुलाला आपल्याला काही होतंय हेच कळत नाही, त्याला "इथलं सगळं गुप्त राहतं" असं कितीही सांगा, त्याचा काय उपयोग?

आता घराकडे येते. घराने समुपदेशनाविषयी काय शिकवलं, हे मी मुलांना फारसं विचारत नाही. बहुतेक घरांत त्याविषयी बोलणंच झालेलं नसतं. मी विचारते ते असं: "लहान असताना काही बिनसलं, तर तू कुणाला सांगायचास? आणि सांगितल्यावर पुढे काय व्हायचं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर चटकन येतं. दुसऱ्यापाशी मुलं थांबतात. कुणी खिडकीबाहेर बघतं, कुणी बॅगेची चेन उघडबंद करत राहतं. इतक्या वर्षांनंतर माझं मत असं झालंय, की समुपदेशकाच्या दारापर्यंत कोण येईल याचं बरंचसं उत्तर या दुसऱ्या प्रश्नात असतं. सांगितलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं, याचा एक ठाम अंदाज मूल घरातून घेऊन निघतं आणि मग तोच अंदाज सगळ्या मोठ्या माणसांना लावतं. तुम्हालाही, मलाही.

काही घरांत सांगितलेल्या गोष्टीची शिक्षा होते. "वर्गातली मुलं चिडवतात" असं सांगितलं की "तूच काहीतरी केलं असशील." गुण कमी पडले म्हणून रडू आलं की रडण्यावरून आणखी ऐकून घ्यायचं. हे घर ओळखायला सोपं आहे आणि त्याविषयी सगळेच बोलतात, म्हणून मी यावर थांबत नाही.

जास्त अवघड आहे ते प्रेमळ घर, जिथे सांगितलेली गोष्ट दुसऱ्याचं ओझं होते. मुलीने सांगितलं की शाळेत एकटं वाटतं, आणि त्या रात्री आई जेवलीच नाही. मुलाने सांगितलं की परीक्षेच्या आधी छातीत धडधडतं, आणि वडिलांचा चेहरा असा उतरला की त्यालाच वडिलांची समजूत काढावी लागली. इथे कुणी दुष्ट नाही. पण मूल शिकतं की माझं दुःख माझ्या माणसांना पेलत नाही, तेव्हा त्यांना जपायचं तर ते आपल्यापाशीच ठेवायचं. ही मुलं मोठेपणी फार समंजस दिसतात. सगळ्यांचं ऐकून घेतात. वर्गात कुणाला रडू आलं तर पहिली हीच धावतात. आणि माझ्या खोलीत आलीच, तर खुर्चीच्या कडेवर बसून म्हणतात, "तुमचा वेळ घेतेय का मी? बाहेर कुणी थांबलं असेल तर मी नंतर येते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मला त्यांचं घर दिसायला लागतं.

काही घरांत सांगितलेली गोष्ट गावभर होते. विश्वासाने आईच्या कानात सांगितलेलं चार दिवसांनी पाहुण्यांसमोर हसत हसत निघतं: "आमच्या याला ना, रात्री एकट्याला भीती वाटते." सांगणाऱ्या मोठ्या माणसाच्या लेखी ती गंमत असते. मुलाच्या लेखी तिथे एक दार कायमचं बंद होतं. अशा मुलाला गोपनीयतेचं आश्वासन पुरत नाही, कारण आश्वासन त्याला घरीही मिळालं होतं.

आणखी एक घर आहे, ज्याकडे मी स्वतः बरीच वर्षं दुर्लक्ष केलं. तिथे सांगायच्या आत उपाय हजर असतो. आईवडील कर्तबगार, मुलावर जीव टाकणारे. मुलाने तोंड उघडायचा अवकाश, "मग तू असं कर. उद्या शिक्षकांना भेट. वेळापत्रक बनव. मी बोलू का त्यांच्याशी?" मुलाला बोलायचं होतं ते राहूनच जातं. पुढे या मुलांना कुणी "समुपदेशकाकडे जा" म्हटलं की ती म्हणतात, "ते काय सांगणार? काय करायला हवं ते मला माहीत आहे. मला ते जमत नाहीये, एवढंच." त्यांच्या कल्पनेत समुपदेशन म्हणजे आणखी एक सल्ला देणारं तोंड. आणि आपल्याकडच्या पुष्कळ सेवा स्वतःची ओळखही तशीच करून देतात, "योग्य मार्गदर्शन मिळेल" अशी, हे आपण मान्य करायला हवं.

शेवटचं घर म्हणजे जिथे काहीच होत नाही. सांगितलं तरी नाही, न सांगितलं तरी नाही. मूल सांगणं सोडून देतं आणि हळूहळू त्याला जाणवणंही बोथट होत जातं. मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या आसक्तीच्या, म्हणजे बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यात जुळणाऱ्या बंधाच्या, सिद्धांतावर मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षभराच्या बाळांवर केलेलं काम इथे फार उपयोगी पडतं. अनोळखी खोलीत आई बाळाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते, तेव्हा बाळ काय करतं हे त्या बघत. काही बाळं रडतात, आई आली की बिलगतात आणि शांत होऊन पुन्हा खेळायला लागतात. काही आई आल्यावरही शांत होत नाहीत; बिलगतात आणि त्याच वेळी तिला ढकलतात. आणि काही आई गेली काय, आली काय, खेळण्यावरून नजर काढत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, किती शहाणं बाळ. पुढच्या संशोधकांनी या शांत बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले निघाले. ताण होताच, फक्त तो दाखवून काही होत नाही हे बाळ बारा महिन्यांत शिकलं होतं.

तुमच्या वर्गातल्या त्या "काही नाही मॅडम, मी ठीक आहे" म्हणणाऱ्या मुलाकडे बघताना मला हे बाळ आठवतं. मोठ्या विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांतही याच्याशी जुळणारं चित्र दिसतं. जवळीक टाळणारी माणसं आपला त्रास नाकारतात आणि मदतीला नाखूश असतात. नात्यात सतत धास्तावलेली माणसं त्रास कबूल करतात आणि मदतीकडे वळतात. म्हणजे तुमच्याकडे जी मुलं पुन्हा पुन्हा येऊन बोलतात, ती सर्वांत जास्त त्रासात असतीलच असं नाही. त्यांना त्रास दाखवता येतो, एवढंच खात्रीने म्हणता येईल.

पालकत्वाच्या शैलींविषयी तुम्ही प्रशिक्षणात ऐकलं असेल. डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात तीन शैली मांडल्या आणि 1983 साली मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्या दोन अक्षांवर बसवल्या: पालक मुलाकडून किती अपेक्षा धरतात आणि मुलाच्या गरजेला किती प्रतिसाद देतात. मला या मांडणीतला दुसरा अक्ष आपल्या विषयासाठी जास्त मोलाचा वाटतो. कडक शिस्तीच्या घरातली मुलंही माझ्याकडे बिनधास्त येतात, जर त्या कडक वडिलांनी कधीतरी शांत बसून ऐकून घेतलेलं असेल. उलट सगळी मोकळीक असलेल्या घरातलं मूल गप्प असू शकतं, कारण त्या मोकळिकीत कुणी वळून विचारलेलंच नसतं. तेव्हा "घरी फार कडक आहेत, म्हणून बोलत नाही" असा निष्कर्ष घाईने काढू नका.

घरातून आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे शब्द. ज्या घरात "मला आज उदास वाटतंय", "मला तुझा राग आलाय", "मी घाबरलो होतो" अशी वाक्यं मोठी माणसं स्वतःविषयी बोलतात, तिथल्या मुलाकडे आतल्या हवामानाला नावं असतात. जिथे फक्त "बरं आहे" आणि "बरं नाही" एवढंच चालतं, तिथलं मूल डोकेदुखी, पोटदुखी, झोप न येणं घेऊन आधी दवाखान्यात जातं. ते खोटं बोलत नसतं, त्याचं डोकं खरंच दुखतं. पण गरज ओळखण्याचा पहिलाच धागा तिथे कच्चा असतो. असं मूल समोर असेल तर "तुला कसलं टेन्शन आहे?" हा प्रश्न वाया जातो. "झोप कधीपासून लागत नाही? त्या आठवड्यात काय काय चाललं होतं?" असं विचारलं की धागा हाताला लागतो.

आता स्वभाव. मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे पैलू मानतात. त्यांपैकी नव्या अनुभवांना असलेला मोकळेपणा आणि इतरांवर विश्वास टाकण्याचा सौम्यपणा, हे दोन ज्यांच्यात जास्त, त्यांचा मदत घेण्याकडे कल साधारणपणे बरा असतो. भावनिक अस्थिरता ज्यांच्यात जास्त, त्यांना त्रासच जास्त जाणवतो, त्यामुळे तो रेटा त्यांना दारापर्यंत आणतो. पण त्यांनाच लाजही जास्त वाटते, म्हणून बरेचदा ती दारावरून परत जातात.

बहिर्मुखतेविषयी मात्र एक गैरसमज मला दूर करायचा आहे. गप्पिष्ट मूल मदत मागेल आणि अबोल मूल मागणार नाही, असं शिक्षक धरून चालतात. माझा अनुभव तसा नाही. चारचौघांत गप्प राहणाऱ्या मुलाला बंद खोली, समोर एकच माणूस आणि ठरलेली 45 मिनिटं ही रचना फार मानवते. वर्षभर वर्गात एक शब्द न बोललेली मुलं पहिल्या भेटीत तासभर बोललेली मी पाहिली आहेत. आणि स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करणारा, सगळ्यांना हसवणारा मुलगा माझ्यासमोर तीन भेटी विनोदच करत होता. चौथ्या भेटीत म्हणाला, "मी गंभीर बोललो की लोक घाबरतात." पुढे काही बोलला नाही. त्या दिवशी तेवढंच झालं आणि तेवढं पुरेसं होतं.

अबोलपणा आणि लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःविषयीची क्लेशकारक माहिती मुद्दाम दडवून ठेवण्याच्या वृत्तीवर लार्सन आणि चेस्टन यांनी 1990 साली एक छोटी मापनपट्टी तयार केली आणि त्यानंतर यावर पुष्कळ काम झालं. ज्यांच्यात ही वृत्ती जास्त, त्यांचा त्रासही जास्त असतो आणि मदतीविषयीचं मत प्रतिकूल असतं. ज्याला गरज अधिक, तोच लांब राहतो. तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. ओळखायचं कसं? मी एक साधी गोष्ट बघते. अबोल मूल आवडीच्या विषयावर, एखाद्या पुस्तकावर, खेळावर, खुलून बोलतं आणि अडचणीवरही त्याच लयीत, थोडं अडखळत बोलतं. लपवणारं मूल बाकी सगळ्यावर छान बोलतं, आणि बोलणं घरावर किंवा स्वतःवर आलं की आवाज सपाट होतो, वाक्यं छोटी होतात, "आम्ही" आणि "लोक" असे शब्द यायला लागतात. पहिला स्वभाव आहे. दुसरं बहुतेक वेळा शिकलेलं असतं, आणि जे शिकलेलं असतं ते थोडं थोडं उतरवता येतं.

पहिल्या नंबरात येणाऱ्या मुलांविषयी वेगळं लिहायला हवं, कारण त्यांच्याबद्दल कुणालाच काळजी वाटत नाही. एक मुलगी आठवते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). ती ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी आली. हातात आखीव कागद, त्यावर आकडे घालून मुद्दे. वर मार्जिन सोडलेली. म्हणाली, "मी सगळं लिहून आणलंय, म्हणजे आपला वेळ वाया जाणार नाही." पहिला मुद्दा होता एकाग्रता, दुसरा वेळेचं नियोजन. पाचव्या मुद्द्याच्या जागी काहीतरी लिहून इतकं खोडलं होतं की कागद तिथे खरबरीत झाला होता. मी पहिले चार ऐकले. मग विचारलं, "पाचवं लिहिताना काय झालं?" तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "ते नीट मांडता येत नव्हतं."

या मुलांना अडचण आहे याची लाज वाटतेच, पण ती विस्कळीत आहे याची त्याहून जास्त वाटते. आपण परिपूर्णच दिसायला हवं, अशी ज्यांची धडपड असते, त्यांना मदत मागणं म्हणजे जाहीर नापास होणं वाटतं. त्यांच्या घरी बहुतेक वेळा मारहाण नसते, ओरडणं नसतं. कौतुक असतं, फक्त ते नेहमी निकालाच्या दिवशी असतं. त्या मुलीला माझ्याकडे यायला दीड वर्ष लागलं होतं, आणि त्या दीड वर्षात तिचे गुण एका टक्क्यानेही घसरले नव्हते. तेव्हा गुण घसरण्याची वाट बघून काळजी करायची, ही पद्धत कृपा करून सोडा.

घर आणि स्वभाव एकमेकांत कसे मिसळतात, यावर तुम्ही थेट विचारलं आहे. व्यक्तिमत्त्वाच्या या पैलूंतला साधारण 40 ते 50 टक्के फरक आनुवंशिक असतो, असं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं. एकाच घरात वाढलेली भावंडं स्वभावाने फारशी सारखी निघत नाहीत, हेही त्याच अभ्यासांतून पुढे आलं. म्हणून एकाच आईवडिलांची दोन मुलं एकाच वाक्याचे दोन अर्थ लावतात. "तुझं तू बघ" हे वाक्य मोठ्या भावाने ऐकलं आणि तो बाहेर मित्र, शिक्षक, कुणालाही विचारत सुटला, कारण "बघ" हा शब्द त्याने पकडला. धाकटीने "तुझं तू" पकडलं. दोघांनाही मी भेटले आहे, वेगवेगळ्या वर्षी. धाकटीची घरातली तक्रार भावाला पटली नव्हती, तो म्हणाला, "आम्हाला तर फार स्वातंत्र्य होतं." दोघंही खरं बोलत होते.

यात लोकलाज कुठून शिरते तेही बघा. 2006 आणि 2007 साली व्होगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर काम करून दाखवलं की समाजातला कलंक सरळ माणसाला अडवत नाही. आधी तो माणसाच्या आत जातो, "मदत घेतली तर मी दुबळा" असा त्याचा स्वतःविषयीचा निवाडा होतो, मग समुपदेशनाविषयीचं मत बिघडतं आणि मग जाण्याची तयारी कमी होते. बाहेरचं बोलणं आत नेण्याचं काम कोण करतं? बरंचसं घर करतं, तेही एका ओळीत. "रडतोस काय मुलीसारखा?" हे ऐकत वाढलेल्या मुलाला समोरचा माणूस काय म्हणेल याची भीती नसते, तो स्वतःच स्वतःला ते म्हणत असतो. मुलग्यांमध्ये मदतीची तयारी मुलींपेक्षा सातत्याने कमी आढळते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

आईवडिलांना दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. ज्या आईला मुलीचं दुःख पेललं नाही, तिचं दुःख तरी कुणी ऐकलं होतं? पालकांच्या भेटीत मी हा विषय निघाला तर एवढंच सुचवते, की मूल काही सांगत असताना पहिली पाच मिनिटं फक्त ऐका, आणि ऐकलेलं त्याला विचारल्याशिवाय कुणाला सांगू नका. बहुतेक पालकांना हे जमतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आम्ही काय करावं. आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षकांनी मला एका मुलाबद्दल सांगितलं आणि मी तास चालू असताना वर्गात चिठ्ठी पाठवली, की याला समुपदेशन कक्षात पाठवा. चिठ्ठी मोठ्याने वाचली गेली. तो आला, दोन मिनिटं उभा राहिला, "माझं काही नाही" म्हणाला आणि गेला. पुन्हा कधीच आला नाही. ज्या मुलाला चव्हाट्याची धास्ती होती, त्याला मीच चव्हाट्यावर आणलं. तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून मी शिक्षकांना सांगते, की तुमच्यापाशी येणारी छोटी गोष्ट नीट सांभाळा. मूल मोठं दुःख आधी सांगत नाही. आधी एक लहान गोष्ट पुढे करून बघतं. "सर, प्रकल्प दोन दिवस उशिरा दिला तर चालेल का, बरं नव्हतं." त्या "बरं नव्हतं"चं तुम्ही काय करता, हे ते बघत असतं. प्रमाणपत्र मागितलंत तर एक उत्तर मिळालं. "दोन दिवस घे. आता कसं आहे?" असं म्हणालात आणि उत्तरासाठी खरोखर थांबलात, तर घरून आणलेल्या अंदाजाला पहिला तडा जातो. नियम मोडायला मी सांगत नाही. नियम पाळूनही हे म्हणता येतं.

"तुला समुपदेशनाची गरज आहे" हे वाक्य टाळा. त्यात निवाडा आहे. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा: "गेले तीन आठवडे तू मागच्या बाकावर बसतोस, डबा न खाता. मला काळजी वाटली." मग तिथे काय होतं त्याचं साधं वर्णन करा. खोली कुठे आहे, किती वेळ बसायचं, कोण असतं, काही लिहून द्यावं लागतं का, हजेरीत नोंद होते का. अनोळखी जागेची भीती अर्धी अशा तपशिलांनी जाते. स्वतः समुपदेशकांना कधी भेटला असाल आणि सांगायला संकोच नसेल, तर ते सांगा. याइतका परिणाम करणारं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

मूल कुठल्या घरातून आलंय त्याचा अंदाज असेल, तर वाक्य त्याप्रमाणे बदला. दुसऱ्यांना जपणाऱ्या मुलीला सांगा, "हे ऐकणं त्यांचं कामच आहे, त्याने त्या खचत नाहीत." सल्ल्याला कंटाळलेल्याला सांगा, "तिथे कुणी काय कर ते सांगत नाही, आधी ऐकतात." गोष्ट पसरण्याची भीती असलेल्याला गोपनीयता मर्यादेसकट सांगा: जिवाला धोका असेल तर आम्हाला कुणाला तरी सांगावं लागतं, आणि तेही आधी तुला सांगून, शक्यतो तुला सोबत घेऊन. मर्यादा आधीच सांगितली तर मुलं घाबरून जातील, असं वाटतं; होतं उलट, कारण पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना सगळं खरं सांगितलेलं असतं. लाजाळू मुलाला "कधीही ये" म्हणू नका. "बुधवारी साडेतीनला" म्हणा, आणि त्याला चालणार असेल तर दारापर्यंत सोबत जा. ज्याला बोलणं जड जातं, त्याला आधी लिहून पाठवू द्या.

नाही म्हणाला तर नाही घ्या. पण "बरं, मी दोन आठवड्यांनी पुन्हा विचारेन" असं म्हणा आणि दोन आठवड्यांनी खरंच विचारा.

एका ठिकाणी मात्र ही सगळी सबुरी बाजूला ठेवायची. निराशा जितकी गडद होत जाते, तितकी माणसाची मदत मागण्याची इच्छा कमी होते. आत्महत्येचे विचार येणाऱ्या तरुणांमध्ये हे संशोधकांनी वारंवार पाहिलं आहे. म्हणजे ज्याने आपण होऊन यायला हवं असं आपल्याला वाटतं, तो त्या क्षणी येऊच शकत नाही. मूल निरवानिरवीची भाषा करत असेल, आवडत्या वस्तू देऊन टाकत असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं म्हणत असेल, तर थेट विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, समुपदेशकाला किंवा जबाबदार व्यक्तीला तिथेच बोलावून घ्या आणि त्याच दिवशी त्याला तज्ज्ञापर्यंत स्वतः पोचवा. इथे घर कसं आणि स्वभाव कसा, हा विचार नंतर.

बाकी मुलांच्या बाबतीत एक शेवटची विनंती. माझ्याकडे किंवा कुठल्याही समुपदेशकाकडे पाठवताना त्याने तुम्हाला काय सांगितलं ते आधीच आम्हाला कळवू नका. त्यालाच विचारा, "मी हे त्यांना सांगितलं तर चालेल का?" हो म्हणाला तर तेवढंच सांगा. नाही म्हणाला तर फक्त नाव आणि वेळ कळवा. बाकीचं तो सांगेल. पहिल्या भेटीत नाही सांगितलं, तरी चालतं.